आमच्या घरचा कावबाय

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा हळदीची शेती करतो आणि लग्नाला घोडी भाड्यानं देतो, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. सिनेमात काम करतो हे कुणी सांगितलं नाही, कारण तेव्हा तो करत नव्हता. पुढं जोकर होईल हे तर त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

आमचं गाव कळमनुरीपासून फार लांब नाही. सासऱ्यांच्या काळापासून घरात एक पांढरी घोडी असायचीच. आसपासच्या गावात परण्या निघाला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघाला, की आमची घोडी जायची आणि मालक लगाम धरून पुढं चालायचे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मीही तेच म्हणते, इथंही तेच लिहिते. दिसायला मालक उंच, सडपातळ. बोलायला तेव्हा चांगले होते.

वारंगा फाट्याजवळच्या एका लग्नात कुणीतरी फटाक्यांची माळ घोडीच्या पायाजवळच पेटवली. घोडी दोन पायांवर उभी राहिली, नवरदेव बँडवाल्यांच्या अंगावर पडला आणि घोडी रान धरून पळाली. मालक मागं पळाले. कापणी झालेल्या रानात त्यांनी तिची आयाळ धरली, पळता पळता वर उडी घेतली, रानाला एक मोठं रिंगण घातलं आणि तिला चालवत परत आणलं. नवरदेवाचे लोक शिव्या घालत होते. लग्नाची शूटिंग करणारे एक फोटोवाले मात्र शांतपणे कॅमेरा धरून उभे होते. त्यांनी सगळं घेतलं होतं.

दोनचार दिवसांनी ते फोटोवाले आमच्या घरी आले. कळमनुरीत त्यांचं फोटोचं दुकान होतं. त्यांनी आमच्या टीव्हीला वायर जोडून ते दाखवलं. गल्लीतली माणसं दारात जमली. मालक स्वतःला पडद्यावर बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. तोंड उघडंच राहिलं होतं त्यांचं.

फोटोवाले म्हणाले, "तिकडं परदेशात असे सिनेमे असतेत. मी नांदेडला शिकायला होतो तवा लई बघितले. एक माणूस असतो. टोपी, बंदूक आन् घोडा. जास्त बोलत न्हाई. कावबाय म्हणतात त्याला."

सासूबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "म्हंजे काय करतो तो?"

"गुरं राखतो, काकू."

"मंग गुराखीच की."

"व्हय, गुराखीच. पण तिकडचा."

असं आमच्या घरात कावबाय हे नाव आलं.

सिनेमा काढायला पैसा नव्हता, पण फोटोवाल्यांकडं लग्नाचा कॅमेरा होता आणि उन्हाळ्यात लग्नाच्या तिथी नसल्या की त्यांना वेळ असायचा. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकतं. मग मागं उरते ती भेगाळलेली जमीन, मधे मधे खडक आणि वाळकी झुडपं. फोटोवाले म्हणायचे की ह्या कोपऱ्यात कॅमेरा लावला तर कुणाला हिंगोली जिल्हा म्हणून ओळखू येणार नाही. फक्त डावीकडं कॅमेरा फिरवायचा नाही, कारण तिकडं मासे धरणाऱ्यांची जाळी वाळत असायची.

टोपी जत्रेतून आणली. ती इतकी मऊ होती की कानावर लोंबायची. मी तिला भाताच्या पेजेत बुडवून, घागरीवर उलटी घालून उन्हात वाळवली, तेव्हा काठ ताठ झाले. बंदुका दिवाळीतल्या टिकल्यांच्या, काळा रंग मारलेल्या. त्या अडकवायचा पट्टा गावच्या चांभारानं शिवून दिला. त्यानं असा पट्टा कधी बघितला नव्हता, म्हणून आधी त्यानं कोयता अडकवायचा असेल असं समजून केला होता, तो परत उसवावा लागला. जोड्यांचं काही जमेना. शेवटी पाणी द्यायला जाताना घालतात ते रबरी बूट मालकांनी घातले. मे महिन्यात. संध्याकाळी पाय बाहेर काढले की भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगलेले असायचे.

दुश्मनाच्या टोळीत जीपचा ड्रायव्हर, एक केस कापणारा आणि फोटोवाल्यांचे मावसभाऊ होते. माणसं कमी पडायची म्हणून एकदा मेलेला माणूस दुसरा रुमाल बांधून पुन्हा यायचा. पाच माणसांची टोळी मालकांनी त्या सिनेमात चांगली दोन गावं भरतील इतकी मारली.

बाईचं काम करायला कुणी तयार नव्हतं. गोष्टीत एक विधवा होती, ती तहानलेल्या कावबायला पाणी देते. फोटोवाले माझ्याकडं वळले तेव्हा सासऱ्यांनी नकाराची मान हलवली. मग असं ठरलं की तोंड दाखवायचं नाही, फक्त हात आणि तांब्या. विधवेच्या हातात बांगड्या नकोत म्हणून मला उतरवायला सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नवरा समोर बसलाय आन् बांगड्या उतरवू व्हय? हाताला फडकं गुंडाळ." म्हणून त्या सिनेमातल्या विधवेच्या दोन्ही मनगटांना फडकं गुंडाळलेलं आहे. लोकांना वाटलं तिला दुश्मनांनी मारलंय. फोटोवाल्यांना ते आवडलं. त्यांनी पुढं तशी गोष्टच घातली.

पिक्चरची सीडी निघाली. कळमनुरीच्या आठवडी बाजारात, वारंगा फाट्यावरच्या पानाच्या दुकानांत आणि धाब्यांवर ती मिळायला लागली. ट्रकवाले जेवता जेवता बघायचे. एका वर्षात दुसरा सिनेमा निघाला, नंतर तिसरा, चौथा. प्रत्येकात मालक कुठून तरी घोड्यावर येत, गावाची तकलीफ दूर करत आणि निघून जात. प्रत्येकात मी पाणी देत असे.

मालकांना लोक ओळखू लागले. बाजारात भाजीवाल्या हाक मारायच्या, "ओ कावबाय, मेथी न्या." लग्नात नवरदेवाचे मित्र नवरदेवाला सोडून यांच्याबरोबर फोटो काढायचे. मालकांच्या चालण्यात फरक पडला. पाय फाकवून, हळूहळू, इकडं तिकडं न बघता चालायचे. बोलणंही कमी झालं, कारण कावबाय कमी बोलतो. घरी आले की खाली बसून नुसतं म्हणायचे, "भाकर."

एकदा मी म्हणाले, "भाकर हाय, पण नुसती भाकर खातेत का कावबाय? का कालवण बी लागतं?"

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. पडद्यावर बघायचे तसंच. मग म्हणाले, "कालवण."

मला राग यायचा आणि हसूही यायचं. पण एक सांगते, तो माणूस तेव्हा सुखी होता. सकाळी हळदीला पाणी देताना सुद्धा टोपी डोक्यावर असायची.

पाचव्या सिनेमाचं काम अर्धं झालं आणि थांबलं. तोवर लोकांच्या हातात मोबाईल आले होते. सीडी घ्यायला कुणी येईना. फाट्यावरच्या दुकानदारांनी सीडीच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगली. फोटोवाल्यांनी लग्नाची शूटिंग वाढवली, ड्रोन घेतला. मालक त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. ते चहा पाजायचे आणि म्हणायचे, "करू ना. ह्या उन्हाळ्यात बघू." दोन उन्हाळे गेले. तेवढ्यात घोडी म्हातारी होऊन मेली. तिला आमच्या रानात लिंबाखाली पुरलं. नवी घोडी घ्यायचं मालकांनी नाव काढलं नाही. परण्याला आता लोक सजवलेली जीपही आणत होते.

ती दोन वर्षं घरात अवघड गेली. मी तोवर गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले होते. आमची मुलगी शाळेत जायला लागली होती. मालक रानात जायचे, पण हळदीची निंदणी अर्धी टाकून बांधावर बसायचे. थोरले दीर शेजारीच राहतात. ते येता जाता म्हणायचे, "सिनेमा संपला म्हणावं. उठा आता." मालक उत्तर द्यायचे नाहीत. पूर्वी ते गप्प बसायचे ते वेगळं होतं, हे वेगळं होतं. मला दोन्हीतला फरक कळत होता.

दसऱ्याला हिंगोलीत एक लहान सर्कस आली. तंबूला ठिगळं होती. त्यांच्याकडं एक तपकिरी घोडा होता, पण घोडेस्वार मागच्याच मुक्कामात सोडून गेला होता. मालकांना कुणीतरी हे सांगितलं. ते टोपी घालून गेले, सर्कसवाल्या शेठसमोर घोड्यावर दोन चकरा मारल्या आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "मी जाऊन राहिलो सर्कशीत."

सासूबाई रडल्या. थोरले दीर ओट्यावर येऊन बोलून गेले. मी पिशवी काढली. कपडे भरून दिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून दाढी केली होती, ते मी बघितलं होतं.

सर्कस पुसदला होती तेव्हा मी मुलीला घेऊन गेले. मालकांचं काम मधल्या भागात होतं. ते घोडा दौडवत यायचे आणि टांगलेले फुगे बंदुकीनं फोडायचे. खरं म्हणजे फुगे मागून एक जण सुईनं फोडायचा. लोक बघत होते, पण अर्ध्या लोकांच्या माना मोबाईलमध्ये होत्या. टाळ्या पडल्या त्या उरकल्यासारख्या.

तिसऱ्या चकरेला खोगिराचा पट्टा सैल झाला. खोगीर हळूहळू फिरलं आणि त्याच्याबरोबर मालकही फिरले. आधी घोड्याच्या बाजूला, मग पोटाखाली. घोडा शहाणा होता, उभा राहिला. मालक भुशात पडले. तंबू चिडीचूप झाला. मालक उठले. कपडे झटकले. मग ते टोपी शोधू लागले. टोपी त्यांच्या पाठीवर दोरीनं लटकत होती. ते इकडं बघत होते, तिकडं बघत होते, घोड्याच्या पायाखाली वाकून बघत होते, त्याच सावकाश, ऐटीतल्या चालीनं. लोक हसायला लागले. एक बाजू हसली, मग दुसरी, मग सगळा तंबू. मोबाईलमधल्या माना वर आल्या. मुलगीही हसली. मी तिचा हात दाबला.

मी तंबूमागं गेले तर मालक पेटीवर बसले होते. समोर सर्कशीतले एक म्हातारे जोकर उभे होते. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला.

ते म्हणाले, "गिरने पे नहीं हसे लोग. तू टोपी ढूंढा ना, उस पे हसे. मैं चालीस साल से गिर रहा हूँ, मेरे को ऐसा ढूंढना नहीं आया."

शेठ मागून आले आणि म्हणाले, "कल भी ऐसाच करो."

मालकांनी टोपी गळ्यातून काढली. पिशवी भरली आणि आमच्याबरोबर एसटीत बसले. वाटेत मुलगी झोपली तेव्हा ते म्हणाले, "तू हसली का?"

"न्हाई."

"काहून?"

"मला वाटलं लागलं तुमाला."

त्यांनी झोपलेल्या मुलीच्या अंगावर टॉवेल टाकला. लागलं होतं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

पंधरवडाभर ते घरीच होते. एक दिवस अंगणवाडीत लेकरांचं वजन होतं. वजनाच्या दिवशी लेकरांना काट्याला टांगलेल्या झोळीत ठेवलं की ती जीव खाऊन रडतात. एक रडलं की सगळी रडतात. त्यात मी घरी डबा विसरले होते. मालक तो घेऊन आले, ऊन लागू नये म्हणून टोपी घालून. दारात उभे राहिले आणि तो कालवा बघत राहिले. मग त्यांनी डबा खाली ठेवला, टोपी पाठीवर टाकली आणि शोधायला लागले. पाण्याच्या माठात बघितलं. सेविकाबाईंच्या खुर्चीखाली बघितलं. फळ्यामागं बघितलं. कावबायची तीच चाल, तेच गंभीर तोंड. लेकरं आधी गप्प झाली. मग एका पोरीनं बोट दाखवलं, "मागं हाय, मागं." मालक मागं वळले, तर टोपीही त्यांच्याबरोबर मागं वळली. लेकरं लोळायला लागली. आम्ही तेवढ्यात सगळी वजनं उरकून घेतली.

लेकरं घरी गेल्यावर मालक भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "मला वाटायचं माझं हसू झालं. तसं न्हाई वाटून राहिलं आता."

मी म्हणाले, "मंग कसं वाटून राहिलं?"

"घोड्यावर बसल्यावर वाटायचं तसं."

दुसऱ्या दिवशी ते सर्कशीत परत गेले. शेठला म्हणाले, जोकर होतो, पण टोपी माझी हीच राहील. शेठला टोपीचं काही घेणंदेणं नव्हतं. म्हाताऱ्या जोकरांनी शिकवायला सुरुवात केली. कसं पडायचं की पाठ वाचेल, थप्पड कशी खायची की आवाज हाताचा येईल आणि गालाला काही होणार नाही. रंगाचंही त्यांनीच शिकवलं. मेडिकलमध्ये पांढरी पावडर मिळते ती खोबरेल तेलात कालवायची, म्हणजे कातडी सोलत नाही. सुट्टीत घरी आले की मालक मला तो रंग लावायला सांगायचे, कारण त्यांना स्वतःला भुवया नीट जमायच्या नाहीत. एक भुवई वर, एक खाली. मी अंगणवाडीत पाटीवर चित्रं काढायचे, त्यामुळं माझा हात बसलेला होता.

सर्कस आणखी काही वर्षं चालली. वाशिम, परभणी, कुठं कुठं. मग शेठच्या मुलांनी तंबू विकून टाकला. म्हातारे जोकर आपल्या गावी गेले. जाताना त्यांनी मालकांना आपले मोठे, पुढून गोल बूट दिले. ते मालकांना घट्ट होतात, तरी घालतात.

तेव्हापासून मालक गावी राहून हे काम करतात. वाढदिवस, लग्नातली लहान मुलं, शाळांचे कार्यक्रम, फाट्यावरच्या नव्या दुकानांची उद्घाटनं. हळदही बघतात. पहिल्यांदा कळमनुरीत कपड्याच्या दुकानापुढं रंगवलेल्या तोंडानं उभे राहिले तेव्हा थोरल्या दिरांनी वाट बदलली. आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत. जाऊ मात्र मागच्या दारानं येऊन विचारायची, "भावजींला जेवायला तरी देतेत का तिथं?"

मुलीला स्थळं यायला लागली तेव्हा दीर बोलायला आले. ओट्यावर बसून म्हणाले, "पाहुण्यांना शेतकरी म्हणून सांगा. खोटं न्हाई त्यात."

मालक म्हणाले, "बरं."

नांदेडकडचे पाहुणे आले. पोहे दिले, सगळे खायला लागले. मुलाच्या मामांनी विचारलं, "तुमी काय करता?"

मालक म्हणाले, "हळद हाय थोडी. आन् जोकर हाय."

मामांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. मालकांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि ते कोणत्या कोणत्या गावांत कार्यक्रम करतात तेही सांगितलं. पाहुणे सभ्य होते. मुलीला प्रश्न विचारले, पत्ता लिहून घेतला, पाया पडून घेतलं. कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही.

दीर चिडले. मला वाटलं मुलगीही चिडेल. ती भांडी घासत होती. म्हणाली, "बरं झालं. लग्नानंतर कळलं असतं तर मला रोज ऐकावं लागलं असतं." मग म्हणाली, "पण बाबा, पोह्याचा घास तोंडात असताना नका सांगत जाऊ. त्यांना ठसका लागला."

मालक म्हणाले, "बराबर हाय. पुढच्या बारी चहा झाल्यावर सांगतो."

पुढचे पाहुणे औंढ्याकडचे. चहा झाल्यावर मालकांनी सांगितलं. मुलाच्या वडिलांनी रिकामा कप पुन्हा उचलला. मुलाची आई माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, "घरी बी हसवतेत का?"

मी खरं ते सांगितलं. "घरी बोलतच न्हाईत ताई. भाकर म्हणाले तर कालवण मला विचारावं लागतं."

ती तोंडाला पदर लावून हसली. तिचा नवरा तिच्याकडं बघू लागला. तिनं त्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण आठवड्यात होकार आला.

लग्नात मालकांनी साधा पांढरा सदरा आणि फेटा घातला होता. जावयाकडच्या पोराटोरांना कुठून तरी कळलं होतं, ती मागं मागं फिरत होती. त्यांनी कुणालाच काही करून दाखवलं नाही. मुलगी निघाली तेव्हा इतरांसारखेच रडले, फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत.

आता त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी पडायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून ते एक नवा खेळ बसवत आहेत, खुर्चीवर बसायला चुकतो पण पडत नाही अशा माणसाचा. अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडतात आणि बसतात. खुर्ची सरकते, ते तिच्यामागं सरकतात, ती कलते, तेही कलतात, पण जमिनीला टेकत नाहीत. बघताना वाटतं सोपं आहे. घाम निथळतो त्यांचा. मी हळद वाळत घालत असते.

मधेच म्हणतात, "बघ बरं."

मी बघते.

"हसू येऊन राहिलं का?"

"अजून न्हाई," मी म्हणते. मग ते खुर्ची उचलतात आणि पुन्हा पहिल्या जागी नेऊन ठेवतात.